अपेक्षाभंग नव्हे, हक्कभंग!

एका शब्दाविरुद्ध फिर्याद घेऊन मी आज आपल्यापुढे उभा आहे. तो शब्द आहे ‘अपेक्षाभंग’. घराचा ताबा मिळाला नाही की आपण म्हणतो, अपेक्षाभंग झाला. मुलाची शिष्यवृत्ती वर्ष उलटून गेले तरी आली नाही, अपेक्षाभंग झाला. जातीचा दाखला कचेरीत अडकून पडला, अपेक्षाभंग झाला. वर्तमानपत्रे मथळा देतात, ‘चाळकऱ्यांचा अपेक्षाभंग’. आणि आपणही तो मथळा आपलाच समजून मान हलवितो. हा शब्द निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. पावसाळी दिवशी सहल रद्द झाली, नाटक रंगले नाही, तर तो खुशाल वापरावा. परंतु जेथे कोणीतरी आपले देणे बुडविले आहे, तेथे हा शब्द वापरणे म्हणजे देणेकऱ्याला स्वतःच्या हाताने पावती लिहून देणे होय.

हे कसे, ते पाहा. मराठीत ‘भंग’ लावून झालेले शब्द पुष्कळ आहेत. वचनभंग म्हटले की वचन देणारा डोळ्यांसमोर उभा राहतो. करारभंग म्हटले की कराराखाली सही करणारा सापडतो. शांतताभंग म्हटले की पोलीस आरोपी शोधू लागतात. या प्रत्येक शब्दात मोडणारा कोणीतरी आहे. अपेक्षाभंग या शब्दात मात्र मोडणारा नाहीसा होतो. कारण अपेक्षा राहते कोठे? माझ्या मनात. ती मोडते कोठे? माझ्याच मनात. मग दोष कोणाचा? ज्याने अपेक्षा धरली त्याचा. “तुम्ही जरा जास्तच अपेक्षा ठेवली होती,” असे साहेबाने हसून म्हटले की खटला निकाली निघाला. फिर्यादीलाच आरोपी करणारा असा दुसरा शब्द मला माहीत नाही.

याउलट ‘हक्कभंग’ हा शब्द कोण वापरतो ते ध्यानात घ्या. विधिमंडळात एखाद्या सभासदाचा उपमर्द झाला तर तो “माझा अपेक्षाभंग झाला” असे म्हणत नाही. तो हक्कभंगाची सूचना देतो. समिती बसते, अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला जातो. संविधानाच्या १९४ व्या अनुच्छेदाने त्याला विशेषाधिकार दिले आहेत, आणि त्यांची भाषा त्याला पाठ आहे. आपल्याला मूलभूत अधिकार त्याच संविधानाच्या तिसऱ्या भागाने दिले आहेत. मग निवडून जाणाऱ्याचा तो हक्कभंग आणि निवडून देणाऱ्याचा तो अपेक्षाभंग, ही वाटणी कोणी केली? ती कोणत्याही कायद्यात नाही. ती आपल्या जिभेवर आहे, आणि म्हणूनच ती आपल्याला मोडता येईल.

शब्दाच्या मुळाशी गेलो तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. या एका धातूपासून अपेक्षा, प्रतीक्षा आणि उपेक्षा हे तिन्ही शब्द निघाले. अपेक्षा म्हणजे कशाकडे तरी डोळे लावणे, प्रतीक्षा म्हणजे वाट पाहणे, आणि मराठीत उपेक्षा म्हणजे पाहून न पाहिल्यासारखे करणे. आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्यांचे चरित्र या तीन शब्दांत मावते. आपण अपेक्षा धरली, प्रतीक्षा केली, आणि वाट्याला उपेक्षा आली. (पाली भाषेत ‘उपेक्खा’ म्हणजे समचित्तता, मेत्ता, करुणा, मुदिता यांच्याबरोबर ती चार ब्रह्मविहारांत मोडते. बौद्धाची उपेक्खा आणि सरकारची उपेक्षा यांची गल्लत कोणी करू नये.) जो केवळ पाहत राहतो त्याच्या पदरी पाहणेच येते. म्हणून आपल्या पूर्वसूरींनी पाहणे सोडून मागणे धरले, आणि मागणे सोडून बजावणे धरले.

महाडचे उदाहरण

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व काही झाले. तळ्यावर मात्र काहीच झाले नाही. तीन वर्षे पाणी तेथेच होते, ठराव तेथेच होता आणि तहानही तेथेच होती. त्या वेळच्या आपल्या माणसांनी “ठरावाने आमचा अपेक्षाभंग केला” असे म्हणून घरी बसायचे ठरविले असते, तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. परंतु २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग ते तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. ते पाणी अपेक्षेचे नव्हते, हक्काचे होते.

पुढे काय झाले ते वकील या नात्याने मी विशेष सांगतो, कारण ते फारसे सांगितले जात नाही. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. दुसऱ्या परिषदेत जमलेल्या हजारो लोकांना त्यांनी थांबविले आणि लढा न्यायालयात नेला. तळे ही खाजगी मालमत्ता नाही आणि अस्पृश्यांना दूर ठेवणारी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, हे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात कायम झाले. ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात निराश होण्यास कारणे थोडी नव्हती. परंतु दाव्याच्या कागदांत निराशेला रकाना नसतो. तेथे वादी असतो, प्रतिवादी असतो, कृत्य असते, तारीख असते आणि मागणी असते. आपल्या भाषेतही हेच पाच रकाने असावेत, एवढेच माझे मागणे आहे.

आणखी एका शब्दाबद्दल येथेच सांगून टाकतो. ‘भ्रमनिरास’ हा शब्द आपण निराशेच्या अर्थाने वापरतो. वास्तविक निरास म्हणजे दूर सारणे. भ्रम दूर झाला, तर त्यात रडण्यासारखे काय? नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह मार्च १९३० मध्ये सुरू झाला आणि पाच वर्षांहून अधिक चालला. दार उघडले नाही. तेव्हा भ्रमाचा निरास झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली. निराशेने माणूस खाली बसतो, भ्रमनिरासाने तो उठून दुसऱ्या वाटेने चालू लागतो. ती वाट २१ वर्षांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचली.

वरळीच्या चाळी काय सांगतात

आता आपल्या घरात या. बीडीडी हे नाव ज्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट’ खात्यावरून पडले, ते खाते गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत १९२० साली निघाले. मुंबईच्या कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प तेव्हा जाहीर झाला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील १२१ एकट्या वरळीत. एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. हिशेब करा: साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या. म्हणजे जाहीर केलेल्या तीन खोल्यांपैकी दोन कधी बांधल्याच गेल्या नाहीत. ज्या बांधल्या त्याही अशा की वरळीच्या बऱ्याच इमारती प्रारंभी रिकाम्या पडून होत्या, आणि १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांतील काहींचा उपयोग तुरुंग म्हणून करण्यात आला. माणसांच्या राहण्यासाठी बांधलेली घरे फारसा फेरफार न करता कैद्यांना चालली, यावरून ती कोणत्या विचाराने बांधली होती ते समजावे.

त्याच खोल्यांत आपल्या आजोबांनी संसार केले. एका खोलीत दोन-दोन कुटुंबे, गॅलरीत अभ्यास, जिन्याखाली झोप. सरकार मालक आणि आपण भाडेकरू, असे हे नाते तीन पिढ्या चालले. मग पुनर्विकासाची भाषा आली. २०१६ साली राज्य सरकारने हे काम म्हाडाकडे सोपविले. २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीत भूमिपूजन झाले. १ ऑगस्ट २०२१ रोजी वरळीच्या कामाचा पुन्हा एकदा शुभारंभ झाला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जे झाले ते झाले नाही असे म्हणणारा मी नव्हे. ज्या मातेने पन्नास वर्षे सामाईक नळावर भांडण करून पाणी भरले, तिच्या स्वतःच्या घरात नळ आला, यात आनंद आहे आणि तो मनमोकळेपणाने मानावा. परंतु वरळीत नऊ हजारांहून अधिक गाळे आहेत. पहिल्या भूमिपूजनापासून पहिल्या किल्लीपर्यंत आठ वर्षे गेली. या आठ वर्षांत जे वृद्ध संक्रमणाच्या घरात किंवा जुन्या खोलीतच वारले, त्यांच्याबाबत आपण कोणता शब्द वापरणार?

या काळात चाळीत दोन प्रकारची भाषा ऐकू येत होती. एक म्हणत असे, “साहेबांनी शब्द दिला आहे, आपण विश्वास ठेवू.” दुसरी म्हणत असे, “आधी करारनामा, मग खोली रिकामी.” दुसरी भाषा बोलणाऱ्यांना विकासाचे विरोधक ठरविण्यात आले. ते विरोधक नव्हते. ते कायद्याचे सर्वांत चांगले विद्यार्थी होते. त्यांनी अपेक्षेचे रूपांतर करारात करून मागितले. किती चौरस फूट, कोणत्या जागी, कोणत्या मुदतीत, मधल्या काळात राहणार कोठे, आणि उद्या उंच इमारतीच्या उद्वाहनाचा व देखभालीचा खर्च कोणी किती वर्षे सोसायचा, हे ज्याने लिहून घेतले त्याचा पुढे काही भंग झाला तर तो करारभंग होईल. ज्याने लिहून घेतले नाही, त्याचा फक्त अपेक्षाभंग होईल.

या भाषेत ‘लाभार्थी’ नावाचा आणखी एक शब्द शिरला आहे, त्यापासूनही सावध राहा. तीन पिढ्या भाडे भरणारा भाडेकरू एका रात्रीत लाभार्थी झाला. भाडेकरूला हक्क असतो. लाभार्थ्याला कृपा मिळते. आणि कृपा लांबली तर तक्रार कोणाकडे करणार?

न्यायालय काय म्हणते

आपल्यापैकी काही सुशिक्षित तरुण विचारतील, “वकीलसाहेब, न्यायालयेही ‘न्याय्य अपेक्षा’ मानतात ना?” होय, मानतात. शासनाने स्पष्ट आश्वासन दिले असेल किंवा एखादी रीत सातत्याने पाळली असेल, तर नागरिकाची न्याय्य अपेक्षा विचारात न घेता मनमानी निर्णय करता येत नाही. हे तत्त्व आपल्याकडे चौदाव्या अनुच्छेदातील समतेशी जोडले गेले आहे. १९७८ साली मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारलाही आपल्या वचनाने बांधले जावे लागते, असे ठरविले. परंतु १९९३ साली हिंदुस्तान डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या खटल्यात त्याच न्यायालयाने मर्यादाही आखून दिली. नुसती इच्छा, नुसती आशा, नुसते मनोरथ म्हणजे न्याय्य अपेक्षा नव्हे, तिला कायद्याचा, आश्वासनाचा किंवा प्रस्थापित रीतीचा आधार हवा. आणि सार्वजनिक हितासाठी धोरण बदलले तर ती मागे पडू शकते. यातून बोध काय घ्यावा? न्यायालयाच्या दारातही अपेक्षा जेव्हा कागद हातात घेऊन येते, तेव्हाच तिला आसन मिळते.

शब्दाचा अर्थ न्यायालयात किती महाग पडतो, हे आपल्या धर्मांतरित समाजाला वेगळे सांगायला नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता. आपण १९५६ साली धम्म स्वीकारला आणि त्या दर्जाबाहेर पडलो. राखीव मतदारसंघातून १९६२ साली विधानसभेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम हे बौद्ध आहेत, या कारणावरून त्यांची निवड आव्हानित झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली एखादा धर्म ‘मानणे’ म्हणजे काय, या एका शब्दाचा अर्थ लावला. धर्माची उघड घोषणा केली म्हणजे तो धर्म मानला. सबब ते हिंदू राहिले नाहीत, आणि ती जागा त्यांची नाही. अस्पृश्यता तीच, वस्ती तीच, दारिद्र्य तेच. बदलला तो एक शब्द. केंद्राने बौद्धांना हा दर्जा दिला तो १९९० साली. दीक्षेच्या दिवशी जन्मलेले बालक तोवर तेहतीस वर्षांचे झाले होते आणि केंद्राच्या कित्येक नोकऱ्यांची वयोमर्यादा त्याने ओलांडली होती. तो अपेक्षाभंग नव्हता. तो एका संपूर्ण पिढीचा हक्कभंग होता. आणि तो १९९० साली दूर झाला तो वाट पाहिल्याने नव्हे. मोर्चे निघाले, निवेदने गेली, संसदेत प्रश्न झाले, म्हणून तो दूर झाला.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप धम्माच्या नावाने घेतला जातो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. काही सज्जन नवदीक्षित कुटुंबांना सांगतात, “इच्छिलेले न मिळणे हे दुःख आहे असे भगवान बुद्धांनी सांगितले, तृष्णा सोडा, अपेक्षा सोडा, दुःख संपेल.” ऐकायला हे गोड आहे. परंतु शेजाऱ्याची गाडी पाहून आपल्यालाही गाडी हवी वाटणे आणि आपल्या मुलीची मंजूर झालेली शिष्यवृत्ती मागणे, या दोन गोष्टी एक आहेत काय? पहिली तृष्णा आहे, दुसरी थकलेली बाकी आहे. बाकी मागणाऱ्याला तृष्णेचे प्रवचन देणारा मनुष्य धम्म शिकवीत नसतो. तो देणेकऱ्याची वकिली करीत असतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच प्रश्न उपस्थित केला आहे की, जीवन म्हणजे केवळ दुःख अशी शिकवण बुद्धांचीच असेल तर तो निराशेचा धर्म ठरेल. ती मुळातली असू शकते काय? ज्याने निराशेला धम्माच्या उंबरठ्यावरच अडविले, त्याच्या अनुयायांनी तिला घरात पाट मांडून द्यावा काय?

त्यांचे स्वतःचे आचरण पाहा. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. दुःख झाले नसेल काय? हिंदू कोड बिलासाठी त्यांनी प्रकृतीची पर्वा केली नव्हती. परंतु राजीनाम्यानंतरच्या निवेदनात त्यांनी मनाची व्यथा आळवीत न बसता कारणे मांडली: अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, हिंदू कोड बिलाची गत. कोणी, काय, केव्हा केले नाही, याची ती यादी होती. तक्रार लिहावी कशी याचा तो वस्तुपाठ आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. “हक्क म्हटले की वकील आला, वकील आला की खर्च आला, गरिबाला अपेक्षाभंगच स्वस्त पडतो.” हे खरे नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि बालकाला मोफत विधिसेवा मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरवून दिली आहे, आणि मुदत चुकविणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद आहे. सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती नोटीसही पुष्कळदा काम करून जाते. उलट, करारभंगाच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत आहे. जो तीन वर्षे “अपेक्षाभंग झाला” असे म्हणत बसला, त्याचा हक्क त्या उसाशांतच बुडाला. तेव्हा महाग काय आणि स्वस्त काय, याचा हिशेब पुन्हा करावा.

तर मग करावे काय?

बंधु-भगिनींनो, हा शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. देणे कोणाचे होते? काय देणे होते? कोणत्या कायद्याने, ठरावाने किंवा कराराने? कोणत्या तारखेपर्यंत? आणि ते दिले नाही याचा कागद माझ्याजवळ आहे काय? पाचांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर तो खरोखरच अपेक्षाभंग आहे. मन आवरावे आणि कामाला लागावे. उत्तरे असतील, तर तोंडातून तो शब्द काढू नये. वचनभंग असेल तर वचनभंग म्हणावे, करारभंग असेल तर करारभंग म्हणावे, आणि संविधानाने दिलेले कोणी अडविले असेल तर निःशंकपणे हक्कभंग म्हणावे. कागद हातात नसेल, तर मागून घ्यावा. तोंडी आश्वासन मिळाले, तर त्याच दिवशी “आपण आज असे सांगितले” असे पत्र लिहून त्याची पोच घ्यावी.

आपल्या विहारांत रविवारी मुले वंदना शिकतात, ते उत्तम आहे. त्याच मुलांना वंदनेनंतर अर्धा तास अर्ज लिहावयास शिकवा. चाळीच्या समितीच्या ठरावात ‘अपेक्षा व्यक्त करण्यात आली’ हे वाक्य यापुढे येऊ देऊ नका. ‘मागणी करण्यात आली व अमुक तारखेपर्यंत उत्तर मागविण्यात आले’ असे लिहा. माता-भगिनींनी हे विशेष मनावर घ्यावे, कारण घरातील कागदांचा डबा त्यांच्याच ताब्यात असतो, आणि त्या डब्यात जे नाही ते न्यायालयात नाही.

ज्या समाजाला शतकानुशतके काही मागण्याचीच मनाई होती, त्याने अपेक्षा धरायला शिकणे ही एके काळी क्रांती होती. ते आपल्या आजोबांचे काम होते आणि त्यांनी ते पुरे केले. आपले काम पुढचे आहे. आपण वाट पाहणारे नाही, आपण हिशेब मागणारे आहोत. आणि हिशेब मागणाऱ्याची भाषा उसाशाची नसते, आकड्यांची, तारखांची आणि सहीची असते.

जय भीम!